घरच्या हवामान केंद्रासाठी ऊन-पावसात टिकणारा अतिनील सेन्सर : झाकण कशाचे असावे?

पर्जन्यनोंद

नमस्कार मंडळी. पर्जन्यमापक, वाऱ्याचा वेग आणि जमिनीतील ओल यांवर येथे भरपूर चर्चा झालेली आहे. अतिनील किरणांच्या मोजणीवर मात्र सलग असे काही सापडत नाही. म्हणून वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी स्लॅबवर बसवलेल्या सेन्सरची रचना सविस्तर मांडतो आहे.

आपल्या विदर्भात उन्हाळा म्हटला की सगळ्यांचे लक्ष पाऱ्याकडे असते. शेतीच्या कामाच्या वेळाही त्यावरूनच ठरतात. परंतु पारा आणि अतिनील किरणे यांच्या वेळा जुळत नाहीत. पारा दुपारी तीनच्या आसपास सर्वांत वर जातो. अतिनील किरणांचा जोर मात्र सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे मेच्या अखेरीस आमच्याकडे सव्वाबाराच्या सुमारास असतो, आणि तीन वाजेपर्यंत तो निम्म्याहून थोडा अधिक एवढाच उरतो. यवतमाळ, वर्धा, नागपूर या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो : साधारण २१ ते २७ मे या दरम्यान, आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या दुसऱ्या वेळी हवा गार असते, आभाळ येऊन-जाऊन असते, निंदण आणि डवरणीची घाई असते, आणि ऊन लागेल असे कोणाच्या मनातही येत नाही. ढग फाटून ऊन पडले की त्या दिवशीचा अतिनील निर्देशांक मे महिन्याच्या तोडीचा असू शकतो. थर्मामीटर हे सांगू शकत नाही. त्यासाठी वेगळी मोजणीच लागते.

निर्देशांकाची व्याख्या थोडक्यात अशी : त्वचा भाजण्याच्या क्षमतेनुसार प्रत्येक तरंगलांबीला वजन देऊन सर्व किरणांची बेरीज करायची, आणि दर चौरस मीटरला २५ मिलिवॅट म्हणजे एक अंक धरायचा. हे वजन २९८ नॅनोमीटरपर्यंत पूर्ण असते आणि पुढे ३२८ नॅनोमीटरपर्यंत ते साडेसहाशे पटींच्या जवळपास कोसळते. म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरमधील 'बी' पट्टा उर्जेने अगदी थोडा असूनही निर्देशांकाचा बहुतांश भाग त्याचाच असतो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरमधील 'ए' पट्टा विपुल असतो, पण त्याचे वजन कमी. या धाग्यातील पुढचे सारे या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

सेन्सर म्हणून मी जीयूव्हीए-एस१२एसडी हा फोटोडायोड (किरणांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चिप) असलेले तयार मॉड्यूल वापरले आहे. तो २४० ते ३७० नॅनोमीटरला प्रतिसाद देतो, दृश्य प्रकाश त्याला जवळजवळ दिसत नाही, आणि उघड्या सेन्सरवर निर्देशांकाच्या प्रत्येक अंकामागे मॉड्यूलमधून सुमारे ०.१ व्होल्ट मिळतो. व्हीईएमएल-६०७५ हा सेन्सर चांगला होता, पण त्याचे उत्पादन बंद झाले आहे. एसआय-११४५ मुळीच घेऊ नये. तो अतिनील किरणे मोजत नाही, दृश्य आणि अवरक्त प्रकाशावरून अंदाज बांधतो.

खरा प्रश्न झाकणाचा आहे. चिप उघडी ठेवली तर पहिल्याच पावसात जाईल, आणि झाकली तर झाकण कोणते किरण आत सोडते यावर सगळा आकडा ठरेल. खिडकीची साधी काच 'बी' पट्टा जवळपास सगळाच अडवते. पॉलिकार्बोनेट तर पूर्ण अतिनीलच अडवते, म्हणून ते गॉगलसाठी चांगले आणि आपल्यासाठी निरुपयोगी. बाजारातील ॲक्रेलिक शीटमध्ये आणि पॉलिहाउसच्या फिल्ममध्ये अतिनील शोषणारी द्रव्ये मुद्दाम मिसळलेली असतात. साधे पॉलिथिन किरणे जाऊ देते, पण तीच किरणे त्याला ठिसूळ करतात आणि ते तडकते. क्वार्ट्झची चकती उत्तम, परंतु महाग, आणि सपाट असल्यामुळे तिरप्या उन्हातील किरणे तिच्यावरून परततात. राहते ते टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई. ते अतिनील किरणांनी खराब होत नाही, त्यांना आत सोडते, आणि दुधी असल्यामुळे सर्व बाजूंनी आलेली किरणे विखरून चिपपर्यंत पोहोचवते. व्यावसायिक मापकांतही वरचे पांढरे बटण बहुधा याच पदार्थाचे असते.

टेफ्लॉनचा एकच त्रास आहे : त्याला काहीही चिकटत नाही. सिलिकॉनही चार दिवसांत सुटते आणि फटीतून पाणी शिरते. त्यामुळे ते चिकटवण्याऐवजी आवळून धरायचे. त्यासाठी केबल ग्लँडच (डब्यात शिरणारी वायर रबराने आवळून धरणारे फिटिंग) वापरावा असे मला सुचवायचे आहे. बारा मिलिमीटर व्यासाचा शुद्ध पांढरा टेफ्लॉन रॉड घेऊन तालुक्याच्या लेथवाल्याकडून त्याची टोपी करून घ्यावी : आतून आठ मिलिमीटरचे छिद्र, आणि वरचा पापुद्रा एक मिलिमीटर जाडीचा. ही टोपी पीजी-१६ ग्लँडमध्ये बसते आणि ग्लँडचे रबर तिला चहूबाजूंनी पकडते. टोपीचा माथा ग्लँडच्या नटापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर आला पाहिजे, नाहीतर सकाळ-संध्याकाळी नटाचीच सावली तिच्यावर पडते. करडा किंवा काळपट रॉड घेऊ नये; त्यात कार्बन किंवा काचतंतू मिसळलेले असतात.

डबा पांढरा, आयपी-६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारा) जंक्शन बॉक्स. वायर खालून बाहेर काढावी आणि तिला एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळ डब्यापर्यंत न येता झोळाच्या तळाशी गळून पडतो. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचा डबा करण्याचा मोह टाळावा. तो साठ अंशांच्या आतच मऊ पडतो आणि आपल्याकडे उन्हातल्या बंद डब्यात तेवढे तापमान सहज होते.

डबा पूर्ण हवाबंद करू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. मृगाच्या पहिल्या सरीत तापलेला डबा एकदम निवतो, आतली हवा आकसते आणि सांध्यात साचलेले पाणी ती आत ओढून घेते. तळाशी ब्रीदर प्लग (हवा जाऊ देणारे, पाणी अडवणारे बूच) बसवला की दाब तेथून जुळतो. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी बदलावी.

संत्रापट्टा

अतिशय उपयुक्त लेखन आहे, धन्यवाद. माझ्याकडे एमएल-८५११ हा अतिनील सेन्सर आहे आणि तो मी पारदर्शक ॲक्रेलिकच्या घुमटाखाली बसवला आहे. मे महिन्यात भर दुपारी तो तीन-साडेतीन असा निर्देशांक दाखवतो, म्हणजे आकडा कमी येतो हे उघड आहे. माझा प्रश्न असा की, घुमट काढण्याऐवजी संगणकाच्या सूत्रात चारने गुणले तर काय बिघडेल? आंबिया बहाराच्या फळांवर उन्हाचे चट्टे पडतात तेव्हा बागेतील परिस्थिती काय होती एवढेच मला पाहायचे आहे. शिवाय काचेखाली ठेवूनही सेन्सर काही तरी आकडा देतोच, मग काच अतिनील अडवते असे म्हणता येईल का?

पर्जन्यनोंद

भाऊ, आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. काचेखाली जो आकडा येतो तो 'ए' पट्ट्याचा असतो. आपला सेन्सर साधारण २८० ते ३९० नॅनोमीटर पाहतो, आणि साधी काच ३२० च्या पुढचे बरेचसे किरण सोडते. त्यामुळे काच ठेवली की आकडा शून्य होत नाही, थोडासा घटतो, आणि काच चालते असा समज होतो. प्रत्यक्षात जो भाग गेला तोच मोजायचा होता.

आता गुणण्याविषयी. सूर्य जसा कलतो तसा 'बी' पट्टा फार वेगाने घटतो, कारण तिरप्या वाटेने येताना त्याला ओझोनचा जाड थर ओलांडावा लागतो. 'ए' पट्टा ओझोनला फारसा जुमानत नाही. मेच्या अखेरीस दुपारी निर्देशांक १२ असेल तर साडेचारच्या सुमारास, सूर्य माथ्यापासून साठ अंश कललेला असताना, तो सव्वादोनच्या आसपास उतरतो, म्हणजे पाचव्या हिश्शाहूनही कमी. दृश्य प्रकाश मात्र तेवढ्या वेळात जेमतेम निम्मा होतो, आणि 'ए' पट्टा या दोहोंच्या मधे कोठे तरी असतो. आपण दुपारी जुळणारा गुणक घेतला तर तोच गुणक सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेचारला फुगलेला आकडा देईल. हिवाळ्यात तर दुपारचाही आकडा फुगेल.

प्रामाणिकपणे सांगायचे तर टेफ्लॉनखालचा जीयूव्हीए सेन्सरही या दोषातून पूर्ण सुटत नाही, कारण त्यालाही 'ए' पट्टा दिसतो. पण त्याच्यापर्यंत 'बी' पट्टा पोहोचत असल्यामुळे सूर्याच्या उंचीप्रमाणे दुरुस्तीची तक्ती करून तो बराच जुळवता येतो. ॲक्रेलिकखाली मात्र जे आलेच नाही ते कोणत्याही सूत्राने परत आणता येत नाही.

फळांवरील चट्ट्यांच्या बाबतीत फळाच्या सालीचे तापमानही तितकेच महत्त्वाचे असते, तेव्हा तेथे अतिनील सेन्सरसोबत फळाला टेकवलेला छोटा तापमान सेन्सर ठेवावा.

तारतंत्री

रचना आवडली. विद्युत बाजूची थोडी भर घालतो, कारण झाकण सुधारल्यावर पुढची गळती तेथेच होते.

एक मिलिमीटरचे टेफ्लॉन बरेच किरण गिळते, त्यामुळे उघड्या सेन्सरचा ०.१ व्होल्ट प्रति अंक हा हिशेब टोपीखाली लागू राहत नाही. समजा दहावा हिस्साच उरला, तर निर्देशांकाच्या एका अंकामागे १० मिलिव्होल्ट मिळतात. ईएसपी-३२ या नियंत्रक चिपची स्वतःची एडीसी (व्होल्टचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) पहिल्या शंभरेक मिलिव्होल्टपर्यंत नीट वाचतच नाही. म्हणजे निर्देशांक दहाच्या वर जाईपर्यंत आपल्याला शून्य दिसत राहील. उलट, ईएसपी-८२६६ च्या नुसत्या चिपची मर्यादा एक व्होल्ट असते. टोपीविना सेन्सर थेट तिला जोडला तर दहानंतरचे सगळे अंक सारखेच दिसतील, आणि आपला उन्हाळा तर दहाच्या पुढेच असतो. दोन्हीवर उपाय एकच : एडीएस-१११५ ही सोळा बिटांची स्वतंत्र एडीसी. २.०४८ व्होल्टच्या पल्ल्यावर तिची एक पायरी ०.०६२५ मिलिव्होल्टची असते, त्यामुळे १० मिलिव्होल्टमध्येही १६० पायऱ्या मिळतात.

ही एडीसी सेन्सरच्याच डब्यात ठेवावी. काही मिलिव्होल्टचा संकेत स्लॅबवरून घरात आणताना बोअरच्या मोटारीची, इन्व्हर्टरची खरखर त्यात मिसळते. आय-टू-सी, म्हणजे एडीसीचे आकडे नियंत्रकाकडे नेणारी जोडणी, हिच्या तारेलाही मर्यादा आहे, तेव्हा नियंत्रक दोन-तीन मीटरच्या आतच असावा. अंतर जास्त असेल तर आरएस-४८५ या लांब तारेवर चालणाऱ्या जोडणीकडे वळावे.

दुसरी गोष्ट शून्याची. रात्रीचा आकडा शून्य धरण्याची पद्धत रूढ आहे, पण रात्रीचा डबा थंड असतो आणि तापल्यावर ॲम्प्लिफायरचे शून्य सरकते. म्हणून भर दुपारी टोपीवर पत्र्याचा छोटा डबा उपडा घालून काही मिनिटे नोंद घ्यावी. तोच खरा उन्हाळी शून्य.

नवीन खरेदी करणाऱ्यांनी एलटीआर-३९० या सेन्सरचाही विचार करावा. त्याच्या आतच एडीसी आहे आणि आकडा थेट आय-टू-सीवर येतो. त्याच्या माहितीपत्रकातील २३०० गणने प्रति अंक हा आकडा ठरावीक गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) आणि वीस बिटांच्या वाचनासाठी, आणि वर कोणतेही झाकण नसताना आहे. टोपीखाली तो नव्याने काढावा लागेल.

गच्चीवरची शाळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि मुलांकडून हा सेन्सर बनवून घेण्याची फार इच्छा आहे. पण जुळणी कशाशी करायची? प्रमाणित मापक आमच्या आवाक्यातले नाही आणि जवळपास कोणाकडेही नाही. फोनवरील हवामान ॲपचा आकडा प्रमाण मानावा का?

पर्जन्यनोंद

ताई, ॲपचा आकडा हा मोजलेला नसून मोठ्या चौकोनासाठी केलेला अंदाज असतो. तोंडओळखीला ठीक, जुळणीला नको. त्यापेक्षा सूर्यालाच प्रमाण मानता येते, आणि मुलांच्या गणितालाही ते पूरक ठरेल.

साशा मॅड्रोनिच यांनी २००७ मध्ये निरभ्र आकाशासाठी एक सुटसुटीत सूत्र दिले. सूर्य माथ्यापासून जितका कललेला असेल त्या कोनाची कोसाइन घ्यायची, तिचा २.४२ वा घात करायचा आणि १२.५ ने गुणायचे. मग त्या दिवशीच्या ओझोनचे डॉब्सन एककातील (वातावरणातील ओझोनचा थर मोजण्याचे एकक) मान ३०० ने भागून त्याचा उणे १.२३ वा घात करायचा आणि त्याने पुन्हा गुणायचे. ओझोनचे रोजचे मान उपग्रहांच्या नकाशांवरून फुकट मिळते. आपल्या अक्षांशावर ते बहुधा २५० ते २८० च्या दरम्यान असते.

उदाहरण घेऊ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याच्या अक्षांशावर, म्हणजे २०.७५ अंशांवर, माध्यान्ही सूर्य माथ्यापासून सुमारे साडेपंचवीस अंश दक्षिणेला असतो. त्याची कोसाइन ०.९०३, तिचा घात ०.७८, गुणाकार ९.७६. ओझोन २६५ धरला तर दुसरा गुणक १.१६५ येतो आणि निर्देशांक ११.४ मिळतो. हा स्वच्छ हवेचा आकडा आहे; धूळ आणि धुरकट यांनी प्रत्यक्षात तो कमी होतो. म्हणूनच मी जुळणीसाठी ऑक्टोबरचा आरंभ सुचवतो : पावसाने हवा धुतलेली असते, आकाश निळेभोर असते आणि पऱ्हाट्या जाळण्याचा धूर अजून सुरू झालेला नसतो. मे महिन्यात आकाश ढगरहित असले तरी धुळीने पांढुरके दिसते, तेव्हा जुळणी करू नये.

माध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि वर्धा ७८.६ वर, म्हणून आपण सुमारे सोळा मिनिटे मागे असतो. त्यात ऋतूनुसार काही मिनिटांची अधिक-उणे होते. त्यामुळे ऑक्टोबरच्या आरंभी माध्यान्ह १२ वाजून ४ मिनिटांच्या आसपास, मेच्या अखेरीस १२ वाजून १३ मिनिटांच्या आसपास, आणि फेब्रुवारीच्या मध्यास थेट साडेबाराला येते. उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली पाहूनही मुले ती वेळ शोधू शकतात.

एकदा माध्यान्हीचा आकडा जुळला की त्याच दिवशी दर अर्ध्या तासाने नोंद घ्यावी, सूत्राने प्रत्येक वेळेचा निर्देशांक काढावा आणि दोन्हींचे गुणोत्तर सूर्याच्या उंचीसमोर मांडावे. हीच वर सांगितलेली दुरुस्तीची तक्ती. सूर्य साठ अंशांच्या पलीकडे कलला असतानाच्या नोंदी सोडून द्याव्यात. तेथे सूत्रही सैल पडते आणि निर्देशांकही लहान असतो.

तूरकाठी

चर्चा वाचते आहे. जागेबद्दल काही सांगावेसे वाटते. आमच्याकडे वानरांच्या टोळ्या रोज स्लॅबवरून जातात आणि लोंबणारी कोणतीही तार ओढल्याशिवाय राहत नाहीत. त्यामुळे तार पीव्हीसी पाइपातून नेणे आणि डबा क्लॅम्पने पक्का आवळणे आवश्यक आहे. ब्रीदरच्या छिद्राला बारीक जाळी लावावी. कुंभारीण माशी असे छिद्र हेरून चिखलाने लिंपून टाकते. गारपिटीचाही विचार व्हावा, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ती आमच्या पट्ट्यात नवी नाही. एक मिलिमीटरचा पापुद्रा तिला टिकेल का? आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ सगळीकडे बसते, तेव्हा टोपी कशाने पुसावी? शेवटचा प्रश्न : अंगणातील कडुनिंबाची सावली सेन्सरवर पडत नाही, पण झाड उत्तरेला उंच आहे. तेवढ्याने फरक पडेल का?

पर्जन्यनोंद

ताई, वानरे आणि कुंभारीण यांच्याविषयीच्या सूचना प्रत्येकाने अमलात आणाव्यात अशा आहेत.

कडुनिंबामुळे फरक पडतो. अतिनील किरणांचा फार मोठा हिस्सा थेट सूर्याकडून न येता आकाशातून विखरून येतो. सूर्य कललेला असताना तर विखुरलेला भाग थेट भागापेक्षा अधिक असतो. झाडाने आकाशाचा जेवढा तुकडा झाकला तेवढा प्रकाश कमी होतो, सावली पडो वा न पडो. म्हणून सेन्सर स्लॅबच्या अशा कोपऱ्यावर न्यावा जेथून चारही दिशांना क्षितिज शक्य तितके मोकळे दिसेल. त्याच कारणाने झाडाच्या विरळ सावलीत जेवायला बसलेल्या मजुरांनाही बरेच किरण लागत असतात, हे या मोजणीतून मला नीट उमगले. मात्र उंच लोखंडी खांबाच्या टोकाला सेन्सर लावू नये. विजांच्या दिवसांत तो धोका आहे.

टेफ्लॉन काचेसारखे तडकत नाही, ते चिवट आणि मऊ असते. गारेने खळगा पडेल, पण बहुधा फुटणार नाही. प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचे थर लावणे चाचणीपुरते ठीक, कारण पदार्थ तोच आहे. परंतु ताणल्याप्रमाणे तिची जाडी बदलते आणि गारेपुढे ती टिकत नाही. मऊपणाचा एक तोटा असा की आवळलेले टेफ्लॉन उष्णतेने हळूहळू दबते, त्यामुळे उन्हाळा संपताना ग्लँडचा नट पुन्हा एकदा हाताने कसून घ्यावा.

पुसण्यासाठी ओले सुती फडके पुरे, आणि वेळ पहाटेची असावी. हिवाळ्यात टोपीवर दव असते, त्यानेच धूळ निघते. पावडर, फरशीचे द्रव किंवा थिनर वापरू नये. खरवडलेला पृष्ठभाग काजळी धरून ठेवतो. मळणीच्या काळात पुसण्यापूर्वीची आणि नंतरची नोंद वहीत लिहिली तर धुळीमुळे आकडा किती घटतो हेही कळते.

एक बारकावा तक्ती करणाऱ्यांसाठी : १९ अंश सेल्सिअसच्या आसपास टेफ्लॉनच्या स्फटिकरचनेत बदल होतो आणि त्यातून जाणारा प्रकाश एक ते तीन टक्क्यांनी बदलतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी डबा या तापमानाखाली असतो आणि दुपारी वर, म्हणून हिवाळ्यातील आलेखात नऊ-दहाच्या सुमारास एखादी बारीक पायरी दिसली तर ती बिघाड समजू नये. डब्यातच तापमान सेन्सर ठेवल्यास ही पायरी ओळखता येते.

गच्चीवरची शाळा

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. लेथवाल्याशी बोलणे झाले आहे. रॉड नागपूरहून मागवावा लागेल, टोप्या तो येथेच करून देईल. ऑक्टोबरच्या आरंभी आकाश उघडले की मुलांच्या नोंदी आणि त्यांनी काढलेली तक्ती याच धाग्यात देईन.

तारतंत्री

ताई, तक्तीसोबत प्रत्येक नोंदीचे कच्चे मिलिव्होल्टही द्यावेत, नुसता निर्देशांक नको. टोपीची जाडी लेथवर थोडी कमी-जास्त होणारच. कच्चे आकडे असले तर इतरांना आपापल्या टोपीशी तुलना करता येईल.